मरणाच्या गप्पांची बैठक सोलापुरात कशी भरवावी

सोलापुरात मयतीची व्यवस्था लागायला फार वेळ लागत नाही. बांबू कुठून आणायचे, कुणाकुणाला फोन करायचे, रूपाभवानीच्या स्मशानात न्यायचं की मोदीच्या, दहाव्याचा स्वयंपाक कोण बघणार, हे गल्लीतल्या कुठल्याही चार माणसांना तोंडपाठ असतं. मोठ्या माणसांचं मरण तर या गावाच्या मधोमधच आहे. सिद्धरामेश्वरांची समाधी तळ्यातल्या देवळात, तिचं दर्शन रोजचं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या स्वातंत्र्यसैनिकांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली, त्यांच्यावर दरवर्षी भाषणं होतात. पण घरातली ऐंशीची आजी "मला आता दवाखान्यात नेऊ नका रे" म्हणाली, की सगळे एका सुरात तिला गप्प करतात. "असं अभद्र बोलू नये." मग त्या विषयावरचं पुढचं बोलणं आयसीयूच्या दारात, बिल हातात धरून होतं.

हे बोलणं आधी, निवांतपणे, चहा पीत व्हावं म्हणून बैठक भरवायची. कल्पना बाहेरून आलेली आहे, पण तिला फारसा खर्च लागत नाही आणि कुणाची परवानगीही नाही. स्वित्झर्लंडमधले समाजशास्त्रज्ञ बर्नार्ड क्रेताझ यांनी २००४ मध्ये 'कॅफे मॉर्तेल' नावाने अशा गप्पा सुरू केल्या. त्यावरून जॉन अंडरवुड या लंडनच्या माणसाने सप्टेंबर २०११ मध्ये आपल्या घरीच पहिला 'डेथ कॅफे' भरवला. त्याची आई सू बार्स्की रीड मानसोपचारतज्ज्ञ होती, गप्पा तिने सांभाळल्या. दोघांनी मिळून पद्धत लिहून काढली आणि ती जगभर पसरली. अंडरवुड २०१७ मध्ये अचानक गेला, वयाच्या ४४ व्या वर्षी. त्याची पद्धत मोजकी आहे: नफा कमवायचा नाही, कुणाला कुठल्या निष्कर्षाकडे किंवा वस्तूकडे वळवायचं नाही, बोललेलं बाहेर न्यायचं नाही, आणि खायला-प्यायला काहीतरी हवंच.

त्यात सोलापूरपुरती एक भर मी घालतो आणि या लेखात तीच पुन्हा पुन्हा येईल. गप्पांची बैठक वेगळी आणि कागदपत्रांची बैठक वेगळी ठेवा. एकाच संध्याकाळी दोन्ही उरकायच्या फंदात पडू नका. वकील किंवा डॉक्टर येऊन बसला की बाकीच्यांचे श्रोते होतात. "साहेब, आमच्या भावाने सही केली नाही तर?" असा पहिला प्रश्न आला की ती संध्याकाळ गेलीच म्हणून समजा.

आधी दोन माणसं ठरवा

एकट्याने बैठक घेऊ नये. एकाने गप्पा सांभाळायच्या, दुसऱ्याने दार, चहा, आणि कुणी रडत बाहेर गेलं तर त्याच्यासोबत उभं राहणं. दुसरं काम पहिल्याइतकंच महत्त्वाचं आहे, म्हणून त्याला नवशिक्या पोराला बसवू नका. शक्यतो एक बाई आणि एक पुरुष असावेत.

गप्पा सांभाळणारा विद्वान नसला तरी चालतो. किंबहुना नसलेला बरा. त्याला ऐकता आलं पाहिजे आणि बोलणाऱ्याला न दुखावता थांबवता आलं पाहिजे. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई, परिचारिका, बँकेच्या काउंटरवर आयुष्य काढलेला माणूस, असे लोक हे काम छान करतात. कीर्तनकार, राजकीय कार्यकर्ते आणि विमा एजंट यांना पाहुणे म्हणून जरूर बोलवा, सूत्रं मात्र देऊ नका. ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्यानेही सूत्रधार होऊ नये. त्याचं दुःख ओलं असतं आणि ते सगळ्या खोलीभर पसरतं.

जागा आणि वेळ

जागेला कुठल्याही एका बाजूचा शिक्का नसावा. देवळाचा सभामंडप, मशिदीचं आवार, समाजाचं कार्यालय, दवाखान्याचा हॉल, सगळंच अडचणीचं. मंगल कार्यालय मिळालं तर शेजारच्या हॉलमधल्या बारशाची पंचाईत होते. वाचनालयातली एखादी खोली, सोसायटीचा हॉल किंवा कुणाच्या घराचा ऐसपैस दिवाणखाना उत्तम. घर असेल तर मालकाला विचारून भागत नाही, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला विचारा. "आमच्या घरात मरणाची चर्चा नको" असं त्यांनी म्हटलं तर हुज्जत न घालता दुसरं घर शोधा.

तळमजला हवा, कारण येणाऱ्यांत गुडघेदुखीवाले बरेच असतात. सतरंजी अंथरा, पण भिंतीशी खुर्च्याही ठेवा. स्वच्छतागृह जवळ पाहिजे. यंत्रमागांच्या खडखडाटातली जागा टाळा. हळू आवाजात बोलणाऱ्याला तिथे ओरडून बोलावं लागतं, आणि मरणाबद्दल ओरडून बोलता येत नाही.

वेळ ठरवताना कॅलेंडरआधी नळ बघा. काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या गावात, ज्या दिवशी त्या भागात पाणी सुटतं त्या दिवशी घरातल्या बायका हलू शकत नाहीत. मग बैठकीत फक्त पुरुष येतात आणि ती कोरडी होते. एप्रिल-मे मध्ये सूर्य कलल्याशिवाय कुणी घराबाहेर पडणार नाही, तेव्हा साडेसहाच्या आत बोलावू नका. गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा, आषाढी आणि रमजानमधल्या संध्याकाळी सोडा. पितृपंधरवडा या विषयाला योग्य, असं पुष्कळजण सुचवतात. मला पटत नाही. घरोघरी पानं वाढायची धांदल असते आणि बैठकीलाही लोक एक विधीच समजू लागतात. अमावस्याही टाळा. तुमचा विश्वास असो नसो, अंधश्रद्धेशी लढायला ही जागा नाही, आणि तेवढ्यासाठी चार म्हाताऱ्या घरी बसल्या तर तोटा बैठकीचाच.

दोन तास पुरतात. त्यापुढे माणसं थकतात.

बोलावणं

आठ ते बारा माणसं. पंधरा झाली की दोन गट पाडावे लागतात. व्हॉट्सॅपवर सरसकट पाठवू नका, एकेकाला फोन करून बोलवा. पहिल्या वेळी निम्मे तरी "बघतो" म्हणून येत नाहीत, ते गृहीत धरा. मजकूर असा काहीसा असू द्या:

"नमस्कार. रविवारी संध्याकाळी आम्ही काहीजण मरण या विषयावर मोकळ्या गप्पा मारायला बसतोय. व्याख्यान नाही, प्रवचन नाही, पैसे नाहीत, काही विकायचं नाही. बोलायलाच हवं असंही नाही, नुसतं ऐकलं तरी चालेल. इथे बोललेलं इथेच राहील. चहा-फराळ आहे. येणार असाल तर कळवा."

'आयुष्याची संध्याकाळ', 'जीवन-उत्सव' असली गोड नावं देऊ नका. लोक योगासनं समजून येतात आणि दहाव्या मिनिटाला चप्पल शोधतात. मरण हा शब्द बोलावण्यातच असू द्या. ज्याला तो नको असेल तो येणार नाही, त्यात दोघांचीही सोय आहे.

फोनवर बोलताना एक चौकशी हळूच करा: इतक्यात घरात काही झालंय का. सुतकातला माणूस तसाही येणार नाही. पण महिन्या-दोन महिन्यांपूर्वी नवरा किंवा मूल गेलेलं कुणी यायचं म्हणत असेल, तर ही सांत्वनाची बैठक नाही, तिथे हसणंही होतं, हे आधी सांगा. तरीही यायचं म्हणाले तर येऊ द्या. फक्त त्यांना दाराजवळची जागा द्या.

भाषा आणि माणसांचं मिश्रण

पूर्व भागात बैठक असेल तर तेलुगू बोलणारं माणूस सोबत हवं. लिंगायत घरांतल्या आजी कन्नडमध्ये मोकळ्या होतात, मुस्लिम घरांतल्या खाला आपल्या हिंदी-उर्दूत. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलावं आणि शेजाऱ्याने दोन वाक्यांत मराठीत सांगावं. गप्पा रेंगाळतात, पण ते फायद्याचंच आहे. थांबत थांबत बोलल्याने लोक विचार करून बोलतात.

या मिश्रणात सोलापूरची खरी गंमत आहे. लिंगायतांकडे देह बसवून मातीत ठेवतात, शेजारचे दहन करतात, त्या शेजारचे दफन. जैन घरातलं कुणी सल्लेखनेबद्दल, म्हणजे व्रत म्हणून अन्नपाणी सोडून मरण स्वीकारण्याबद्दल, सांगतं. पन्नास वर्षं एका गल्लीत राहिलेली माणसं एकमेकांच्या मयतीला नेमाने गेलेली असतात, पण आत नेमकं काय करतात हे त्यांनी कधी विचारलेलं नसतं. ते विचारायला सुरुवात झाली की सूत्रधाराला तासभर तोंड उघडावं लागत नाही.

फक्त बायकांची एक बैठक वेगळी घ्या, असा माझा आग्रह आहे. नवऱ्याच्या मयतीच्या दिवशी बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, यावर त्या पुरुषांसमोर बोलत नाहीत. हा विषय आपल्याच जिल्ह्यातून पुढे गेलेला आहे. करमाळ्याचे प्रमोद झिंजाडे यांनी तो लावून धरला, मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारनेही इतर ग्रामपंचायतींना त्याचं अनुकरण करायला सांगितलं. ठराव होऊनही प्रत्यक्ष दिवशी बांगड्यांना हात कोण घालतं, आणि त्याला कोण अडवणार, हे आधीच ठरवायचं बोलणं बायकांतच होतं. विडी कामगार बायकांना बोलवायचं असेल तर विड्या देऊन झाल्यानंतरची वेळ धरा. त्यांची मजुरी हजार विड्यांमागे असते, एक दुपार गेली की तेवढे पैसे गेले.

खाणं

लंडनवाल्यांचा केक असतो. आपल्याकडे चहा, कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि दही पुरे. बिनकांद्या-लसणाचं एखादं असू द्या, म्हणजे जैन मंडळींची अडचण होत नाही. खाणं शेवटी न ठेवता सुरुवातीलाच द्या. मयताच्या घरी आपण चहासुद्धा टाळतो, म्हणून मरणाचा विषय आणि तोंडात घास हे एकत्र येणं पहिल्यांदा अवघड जातं. एकदा भाकरीचा तुकडा मोडला की ते अवघडलेपण बरंचसं निघून जातं. खर्च यजमानांनी वाटून घ्यावा. पेटी ठेवू नका.

गप्पा चालवताना

सगळे गोल बसल्यावर नियम तोंडी सांगा. एका वेळी एकजण बोलेल. मागितल्याशिवाय सल्ला द्यायचा नाही. कुणाच्या धर्माची बरोबरी-तुलना नाही. फोटो नाही, रेकॉर्डिंग नाही. इथलं नाव घेऊन बाहेर बोलायचं नाही. रडू आलं तर येऊ द्यायचं, "रडू नका" म्हणायचं नाही.

पहिल्या फेरीत प्रत्येकाने नाव आणि एकच गोष्ट सांगावी: लहानपणी पाहिलेलं पहिलं मरण. या प्रश्नाला विद्वत्ता लागत नाही आणि तो वयानुसार अडतही नाही. कुणी आजोबांचं सांगतं, कुणी गोठ्यातल्या बैलाचं. बैलाचं सांगणाऱ्याला हसू देऊ नका.

पुढे प्रश्न घेऊन चढाओढ करू नका. हाताशी चार-पाच असावेत, त्यातले दोन वापरले तरी संध्याकाळ निघते. शेवटचे दिवस घरी हवेत की दवाखान्यात, आणि घरी असतील तर उशाशी कोण बसणार? आजार बरा होणारा नाही हे तुम्हाला सांगावं की तुमच्यापासून लपवावं? दहावा-तेराव्याच्या जेवणावर कर्ज काढणं तुम्हाला हवंय का? कुणाची माफी मागायची राहिली आहे? तुमच्या मागे घरात कशावरून भांडण होईल? शेवटच्या प्रश्नावर लोक आधी हसतात, मग बराच वेळ कुणी बोलत नाही. ती शांतता मोडू नका. मनात सावकाश वीस आकडे मोजा, बहुतेक वेळा अठराव्याला कुणीतरी बोलतं.

ठरलेल्या तीन अडचणी प्रत्येक बैठकीत येतात.

पहिली, "देह नश्वर आहे, आत्मा अमर आहे" म्हणणारे अप्पा. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण ते बोलणं संपवतं. त्यांना आदराने विचारा, "अप्पा, ते खरंच. पण तुमच्या आई गेल्या तेव्हा तुम्ही कुठं होता?" अप्पा तत्त्वज्ञानातून खाली उतरतात आणि पुढची दहा मिनिटं सगळ्यात चांगलं तेच बोलतात.

दुसरी, दवाखान्यांवरचा राग. वाजवी असतो, आणि एकदा सुरू झाला की थांबत नाही. एकाला पूर्ण बोलू द्या, मग विचारा, "त्या वेळी तुमच्या वडलांना काय हवं होतं, हे कुणी त्यांना विचारलं होतं का?" कुठल्या डॉक्टरचं किंवा दवाखान्याचं नाव निघालं तर तिथेच थांबवा.

तिसरी, सल्ला देणारे शेजारी. कुणी म्हटलं "मला व्हेंटिलेटर नको," की लगेच "असं नका म्हणू, माझे मेव्हणे बारा दिवसांनी उठून बसले." इथे सूत्रधाराने स्पष्ट व्हावं: "वहिनींनी त्यांचं मत सांगितलं, ते आपण ऐकून घेऊया." एवढं पुरतं.

या तिन्हींपेक्षा गंभीर एक गोष्ट आहे. एखादा माणूस मरणाबद्दल बोलता बोलता स्वतःला संपवण्याबद्दल बोलू लागतो, किंवा "माझ्यामुळे सगळ्यांना त्रास, मी गेलेलं बरं" असं पुन्हा पुन्हा म्हणतो. ते गप्पांत घोळवू नका. दुसऱ्या यजमानाने त्यांना बाजूला न्यावं आणि सरळ विचारावं, "जीव द्यायचा विचार मनात येतोय का?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. होकार आला तर एकटं घरी पाठवायचं नाही. घरातल्या विश्वासाच्या माणसाला बोलवा, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिथूनच फोन लावून द्या, तो मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं. दुसऱ्या दिवशी दवाखान्यापर्यंत सोबत जा. गुप्ततेचा नियम इथे लागू होत नाही, हे सुरुवातीला नियम सांगतानाच सांगून ठेवा.

शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. फेरी पुन्हा फिरवा, "आज घरी जाऊन काय सांगाल?" एवढंच विचारा. काही नाही म्हटलं तरी चालतं. मग लगेच उठू नका, पाच-दहा मिनिटं बाजारभाव, लेकीचं लग्न, पाणी कधी सुटणार, असलं बोलणं होऊ द्या. लोकांना त्याची गरज असते.

कागदांची बैठक

पहिल्या बैठकीत कागदांचे प्रश्न निघणारच. ते एका वहीवर लिहून घ्या, नावं न लिहिता, आणि दोन-तीन आठवड्यांनी दुसरी बैठक ठेवा. इथे वकील आणि डॉक्टर दोघेही हवेत, पण व्याख्यान द्यायला नव्हे, वहीतल्या प्रश्नांना उत्तरं द्यायला. निदान एवढं लोकांना कळलं पाहिजे:

मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, स्टॅम्प पेपर लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर हवी आणि त्यांनीही सही करायची. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार घेऊ नये. नोंदणी सक्तीची नाही, पण भाऊबंदकीची शक्यता असेल तर करून टाकावी. मुस्लिम कायद्यात वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्राने देता येत नाही.

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज घरोघरी आहे. बँकेतल्या पैशांचा नॉमिनी ते वारसांच्या वतीने हातात घेतो. विम्यात थोडा फरक आहे: पती-पत्नी, मुलं किंवा आई-वडील नॉमिनी असतील तर २०१५ च्या दुरुस्तीनंतर ते सहसा स्वतःच हक्कदार ठरतात. यावर वहीत सगळ्यात जास्त प्रश्न येतात, तेव्हा वेळ इथे द्या.

वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे लिव्हिंग विल. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी त्याला मान्यता दिली आणि २४ जानेवारी २०२३ रोजी ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही पुरते, आधीसारखं न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जावं लागत नाही. आपण बोलू शकत नसू तेव्हा निर्णय कुणी घ्यायचा, त्या एका किंवा अधिक माणसांची नावं त्यात असतात. एक प्रत घरच्या डॉक्टरांकडे, एक महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. हा कागद आजार बरा होण्याची आशा संपल्यावरच वापरात येतो, तोही दवाखान्यातल्या दोन वैद्यकीय मंडळांनी मान्य केल्यावर. कधीही लेखी रद्द करता येतो. लोक हमखास विचारतात, "म्हणजे इंजेक्शन देऊन मारतात का?" तसं नाही. कृत्रिम आधार काढायचा किंवा लावायचाच नाही एवढंच. वेदना कमी करण्याचे उपचार आणि सेवा सुरूच राहते. डॉक्टरांकडून हे वाक्य दोनदा म्हणवून घ्या.

नेत्रदान मृत्यूनंतर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. नेत्रपेढीला फोन केल्यावर पंखा बंद करा, पापण्या मिटवून वर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी घ्या. चष्मा असला तरी चालतो. अवयवदानाचा प्रश्न बहुतेक वेळा आयसीयूत मेंदूमृत्यू झाल्यावरच येतो, आणि कार्ड भरलेलं असलं तरी तेव्हा घरच्यांची संमती विचारली जाते. देहदानासाठी डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या शरीररचनाशास्त्र विभागात फॉर्म मिळतो. मात्र शवविच्छेदन झालेला किंवा काही संसर्ग असलेला देह स्वीकारत नाहीत, म्हणून दहनाची किंवा दफनाची दुसरी सोयही घरच्यांना सांगून ठेवावी.

या बैठकीत कुणाकडूनही सही घेऊ नका. फॉर्म न्यावेत, घरी वाचावेत. गर्दीत भरलेल्या फॉर्मबद्दल मुलांना वर्षांनी कळतं आणि ते तो फाडून टाकतात.

घरी गेल्यावर

बैठकीला आलेला माणूस घरी जाऊन बोलला नाही तर कागद कपाटातच राहतो. सगळं एका दमात सांगायला जाऊ नये. जेवताना, प्रवासात, कुणाच्या तरी दहाव्यावरून परत येताना, एकच वाक्य टाकावं: "माझ्या वेळी एवढं मोठं जेवण घालू नका." समोरून "असं बोलू नका" येईल. वाद घालू नका, महिन्याभराने पुन्हा तेच वाक्य टाका. बार्शीच्या कर्करोग रुग्णालयात रुग्णासोबत महिनोन्महिने राहिलेल्या नातलगांना हे बोलणं लवकर जमतं. अशी माणसं ओळखीची असतील तर त्यांना पुढच्या बैठकीला आवर्जून बोलवा.

पुढची तारीख निघताना जाहीर करू नका. आठवड्याभराने फोन करा. ज्यांना झोप लागली नाही ते सांगतील, ज्यांना पुन्हा यायचंय तेही सांगतील. त्यांतलाच एकजण पुढच्या वेळी दाराशी उभा राहायला तयार झाला, की तुम्ही सूत्रं दुसऱ्याकडे द्या आणि गोलात जाऊन बसा.